अकरावं नाव

टेकचंद धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, येऊन उभा राहिला तेव्हा अड्याळच्या त्या धानाच्या बांधीत रोवणीचा शेवटचा तुकडा उरला होता. अकरा बायका चिखलात वाकून, मागे मागे सरकत धान रोवत होत्या. जानेवारीत, धान घरात आल्यावर, ही सगळी टोळी मनालीला बर्फ बघायला निघणार होती. भंडाऱ्यात सहलींचं दुकान चालवणारा आणि सोबत जाणारा टेकचंद त्याचीच यादी घेऊन आला होता.

"मंदामावशी, सही पाहिजे. आज हॉटेलवाल्याले नावं द्यायची हायेत."

मंदाबाई टोळीची मुकादम. तिनं मान वर केली नाही. "वाचून दाखव पयले."

त्यानं वाचली. दहाच नावं झाली. चंद्रकांताबाईचं नाव आलंच नाही.

मंदाबाईच्या हातातली रोपांची पेंडी हातातच राहिली. बर्फाचं खूळ मुळात चंद्रकांताबाईनंच काढलेलं. नातीच्या मोबाईलमध्ये तिनं बर्फ पडताना पाहिला आणि दुसऱ्या दिवशी बांधीत येऊन म्हणाली, "एक डाव अंगावर पडू द्याचा हाय मले." तेवढ्यावर बाकीच्या दहा जणी तयार झाल्या होत्या.

"चंद्राबाईचं नाव कुठं गेलं गा?"

"सत्तरीची बाई हाय, मावशी. तिथं गुडघाभर बर्फ ऱ्हायते. पाय टाकला का फसला. अडकली त उचलून कोण आणन?"

"डाक्टरनं लिहून देलं ना, ठणठणीत हाय म्हणून!"

"डाक्टर काय बर्फात येऊन राहिला हाय?"

टोकाच्या ओळीत, आपल्या पातीवर, चंद्रकांताबाई खाली मान घालून रोवत होती. ऐकलं की नाही, कळायला मार्ग नव्हता. मंदाबाईला राग आला, आणि रागापेक्षा लाज जास्त वाटली. नेईन म्हणून शब्द तिनं दिला होता. ह्या टोळीत एखादीची पात मागे राहिली तर शेजारणी ती भरून काढत. शेवटची बाई निघेपर्यंत कुणी धुऱ्यावर पाय ठेवत नसे.

"सही पाहिजे त इथं आण," ती म्हणाली. "पात सोडून मी येत नाही."

टेकचंदनं बूट काढले, पँट वर दुमडली आणि उतरला. चार पावलं बरी गेली. पाचव्याला डावा पाय निघेना, डावा काढेस्तोवर उजवा रुतला. कसाबसा तो बांधीच्या मध्यावर पोचला आणि यादी डोक्यावर धरून तिथूनच समजावू लागला.

"तिथं हिटर ऱ्हायते मावशी, गरम पाणी ऱ्हायते. आजी ऱ्हायतील आरामात हॉटेलात. खिडकीतून दिसते ना बर्फ."

"खिडकीतूनच पाह्याचा त तिनं मोबाईलातबी पाह्यला."

एवढ्यात मंदाबाईला त्याच्या पाठीमागचं दिसलं. तिचा राग कुठच्या कुठे पळाला. हसू ओठांत दाबून तिनं बोलणं लांबवलं. हॉटेलात जेवण काय, भात मिळतो की नुसत्या पोळ्या, गाडीत झोपायला जागा असते का. टेकचंद खुशीत येऊन सांगत राहिला. बाईचं मन वळत आहे असं त्याला वाटलं.

मग तो परतायला वळला, आणि थबकला.

त्याच्या चारही बाजूंनी धान रोवलेलं होतं. चंद्रकांताबाईनं मागे मागे सरकत, मान वर न करता, त्याला मध्ये ठेवून गोल पूर्ण केला होता. टेकचंद शहापूरच्या शेतकऱ्याच्या घरचा. रोवलेल्या धानावर पाय द्यायचा नाही, हे तो चालायला शिकतानाच शिकलेला. त्यानं एक पाय उचलला, कुठे ठेवावा कळेना, पुन्हा होता तिथंच ठेवला.

"उडी मार गा, मनालीवाल्या!" कुणीतरी ओरडलं आणि सगळी बांधी हसायला लागली.

"आजी, वाट द्या ना."

चंद्रकांताबाई कमरेवर हात ठेवून सरळ झाली.

"नाव लिही."

त्यानं तळहातावर यादी धरून अकरावं नाव लिहिलं. मंदाबाई रोपांच्या अलीकडे थांबली, हात लांब करून कागद घेतला आणि चिखलाच्या बोटांनी सही केली. इतकी सुखाची सही तिनं जन्मात केली नव्हती.

चंद्रकांताबाईनं चार रोपं उपटून वाट केली. टेकचंदचा पाय तरीही निघेना. तिनं त्याचं मनगट पकडलं आणि एका हिसक्यात त्याला बाहेर ओढलं. मग त्याच्या पावलांचे खड्डे बुजवून तिथं तीच चार रोपं पुन्हा रोवली.

"तिथं बर्फात फसला त आवाज देजो," ती त्याला म्हणाली. "मी हावो ना."