शिक्षकाच्या बाजूचा ब्रेक

सीटखाली काढून ठेवलेल्या चपला. तांबडा 'एल'. बेंगळुरूतल्या येलहंक्याची रणरणती दुपार. "आधी तोंड, मग पाय."

हे शेवटचं वाक्य मागच्या सीटवर बसलेल्या शामसुंदरअण्णांचं. ते परीक्षक. हेमावतीला ड्रायव्हिंग शिकवायचा परवाना हवा होता. शिकवायच्या गाडीत शिक्षकाच्या बाजूलाही ब्रेक असतो. पण शिकणाऱ्याला तोंडानं न सांगता तो दाबला, की शिक्षक नापास. हेमावतीचा पाय फार उतावळा, त्यापायी मागच्या वेळी ती नापास झालेली. म्हणून आज ती चक्क मांडी घालून बसली.

"हे काय अक्का, जेवायला बसलीस?" अण्णा हसले.

गाडी चालवत होती पुण्याहून आलेली शिकाऊ सिद्धी. समोर झेब्रा पट्टे आले. हेमावती तोंड उघडणार, तोच तिच्या बाजूचा ब्रेक आपोआप खाली गेला. गाडी थांबली.

"ताई, मी काहीच नाही केलं हं," सिद्धी पुटपुटली.

शेजारची बसही थांबली. स्कूटरवाल्यांनी पाय टेकले. भर बेंगळुरूत एक हॉर्न नाही. पट्ट्यांवर कुणीच नव्हतं, तरी ते एकेक करून काळवंडले आणि पुन्हा उजळले, कुणीतरी फार मोठं सावकाश ओलांडून जावं तसे. हेमावतीचे हात कधी जोडले गेले, तिलाच कळलं नाही.

ब्रेक हळूच वर आला.

"अण्णा, मी तोंडानं सांगितलं नाही," ती म्हणाली.

"पाय तरी कुठं लावलास?" अण्णा कुजबुजले. "सरी, ठीक आहे. पास."

त्या रस्त्यावर पट्टे पहिल्यांदा रंगवले गेले, ते पुढच्या सोमवारी.