हरकत

गिरगावातल्या वाडीत लीलाताईंचं नवं घर उभं राहत होतं आणि समोरच्या चाळीत, एका खोलीत तान्हं बाळ घेऊन बसलेल्या पद्मजाच्या डोळ्यांत ते सलत होतं. लीलाताईंना नियमापेक्षा उंच, उतरतं कौलारू छप्पर हवं होतं. खास परवानगी द्यावी का, हे शेजाऱ्यांना विचारायला म्युनिसिपालिटीचे साहेब आले. पद्मजाचा नवरा संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चाला गेलेला, म्हणून घरातर्फे तीच बोलली.

"आमची हरकत आहे. आमच्या गॅलरीतलं ऊन अडेल. डॉक्टरांनी बाळाला रोज कोवळं ऊन द्यायला सांगितलंय."

डॉक्टरांनी असं काहीच सांगितलं नव्हतं. पण शिकलेली बाई बोलतेय म्हणून सगळ्यांनी माना डोलावल्या आणि परवानगी काही मिळाली नाही.

घर झालं, छपराऐवजी सपाट गच्ची घेऊन. वास्तुशांतीला लीलाताईंनी चारचौघींदेखत पद्मजाला गाठलं.

"अगं, आमच्या गच्चीवर भरपूर ऊन येतं. रोज सकाळी आण हो त्याला. डॉक्टरांनी सांगितलंय ना?"

आता नाही कसं म्हणणार? पद्मजा रोज जाऊ लागली. लीलाताई बाळाला तेल चोळायच्या, मांडीवर घेऊन कावळे दाखवायच्या. ही आपली नव्याकोऱ्या कठड्याकडे बघत बसायची.

एके दिवशी "चल रे, घरी जाऊ" म्हणत तिने हात पुढे केले. बाळाने तिच्याकडे एकदा बघितलं आणि लीलाताईंच्या पदरात तोंड खुपसलं.

"राहू दे गं थोडा वेळ," लीलाताई म्हणाल्या, "ऊन अजून कोवळंच आहे."