जुन्या उपग्रहाची सोय

हातची स्थळं जाऊन जाऊन वैतागलेल्या उषाबाईंनी लेकीला बजावलं होतं, "काम विचारलं तर कम्प्युटरवर बसते, एवढंच सांग." पण अंबडच्या पाहुण्यांनी कौतुकानं विचारलं आणि अर्पिता खुललीच.

"छोटा उपग्रह म्हातारा झाला, की तसाच फिरत ठेवला तर बाकीच्यांना अडचण होते. मंग मी त्याचं उरलंसुरलं इंधन संपवते, हळूहळू खाली आणते. तो वरच्यावर जळून जातो. मागं राखसुद्धा सापडत न्हाई."

उषाबाई दाराआडून खुणा करून करून थकल्या. पाहुणे चहा अर्धा ठेवून उठले.

दुसऱ्या दिवशी मध्यस्थाचा फोन आला.

"पोरगी सगळ्यांना पसंत हाय, उषाताई. पण त्यांच्या घरात दोन म्हातारी माणसं हायेत."