सरांचे रविवार

मराठी टायपिंगच्या मुक्त सॉफ्टवेअरला तिथी काढणारी लायब्ररी, म्हणजे दुसऱ्याने लिहिलेला तयार कोड, कशाला हवी, देव जाणे! ते सांभाळणाऱ्या गटातल्या शर्वाणीने ती वगळून सॉफ्टवेअर नव्याने जुळवून चालवून पाहिलं. काहीच अडलं नाही.

तरी कायमची काढायला हात धजेना. ती लिहिणारे इनामदार सर दर रविवारी न चुकता तिची डागडुजी करत. एवढ्या मायेने सांभाळलेली वस्तू नको कशी म्हणायची, म्हणून आजवर सगळे गप्प होते. शेवटी तिने भीत भीत कळवलं, “सर, रागावू नका, पण आम्ही ती काढतोय.”

सरांचा फोनच आला. “अगं, आधी सांगायचंस की! वापरणारे तुम्ही एकटेच उरला होतात. तुमचं अडू नये म्हणून मी रविवार घालवत होतो!”

दोघं पोटभर हसली. मग सर घुटमळले.

“आता रविवारी काय करू? तुमच्याकडे अजून काय काय काढायचंय?”