मूळ फोटो

फोटो चढवताना ऑनलाइन नकाशावर अकराव्यांदा तेच उत्तर आलं: ‘फोटोत ठिकाणाची नोंद नाही.’ फोटोग्राफरने कपाळावर हात मारला. बाजाराचे फोटो आज चढले नाहीत, तर काम दुसऱ्याकडे जाणार होतं. कॅमेरा तपासून झाला, नशिबाला बोल लावून झाला. डोळे चोळत त्याने मूळ फोटो उघडला. त्यात ठिकाण शाबूत होतं. बायकोही होती, वाऱ्यात डुगडुगणारा कॅमेऱ्याचा स्टँड घट्ट धरून उकिडवी बसलेली. चारी दिशा टिपणाऱ्या भिंगापासून ती लपणार कुठे? सात वर्षं तो तिला प्रत्येक फोटोतून पुसत आला होता. नव्या सॉफ्टवेअरने तिच्याबरोबर ठिकाणही पुसलं होतं. “सापडलं का दुखणं?” मागे येऊन उभ्या राहिलेल्या बायकोने विचारलं. “तुला पुसायचं नाही, एवढंच,” म्हणत त्याने तिच्यासकट फोटो चढवला. नकाशाने मुकाट घेतला. ती स्क्रीनकडे बघत राहिली. “आधी सांगायचं ना, केस तरी विंचरले असते.”