वडील : माहीत नाही

ऑफिसरबाईंनी चौथं पान उलटलं. "वडील, माहीत नाही. बरोबर?"

नेंदेनने सिद्धेशकडे पाहिलं. त्याने टेबलाखाली तिचा हात किंचित दाबला. हो म्हण.

बायकोच्या ग्रीन कार्डचा फॉर्म त्यानेच भरला होता. तिच्या जन्मदाखल्यावर फक्त आईचं नाव होतं. दाखल्यात आहे तेच फॉर्ममध्ये हवं, मिसमॅच झालं की केस अडकते, असं वकिलाने बजावलं होतं. नकार आला तर नेंदेनला अर्विंग शहरातलं घर सोडून जावा बेटावर परतावं लागलं असतं. तिने न वाचता, त्याच्या भरवशावर सह्या केल्या होत्या.

"नाही," नेंदेन म्हणाली. "बरोबर नाही."

सिद्धेशने तिचा हात पुन्हा दाबला. आत आल्या आल्या दोघांनी हात वर करून खरं बोलायची शपथ घेतली होती.

"मग फॉर्मवर असं का लिहिलंय?"

"ते मी भरलं," सिद्धेश घाईने म्हणाला. "तिची चूक नाही. दाखल्यावर..."

"मी त्यांना विचारतेय."

नेंदेनने हात सोडवून घेतला. "माझे आईवडील सुंदा विवितान पाळतात. आम्हा सुंदा लोकांचा जुना धर्म, पूर्वजांचा. त्यांचं लग्न सुगीच्या सणात लागलं, गावातल्या वडीलधाऱ्यांसमोर. सगळं गाव जेवलं. पण सरकारी यादीत आमचा धर्म नव्हता. म्हणून लग्नाची नोंद नाही. आणि लग्नच नाही, म्हणून मला वडील नाहीत."

ऑफिसरबाई टाइप करत राहिल्या. सिद्धेशला ती टकटक सहन होईना.

"यादीतला कुठलाही धर्म लिहा, नुसता कागदावर, मुलीला तुमचं नाव लागेल, असं कारकून वडिलांना म्हणाला होता. ते तीनदा कचेरीत गेले. तिन्ही वेळा तसं न लिहिता परत आले." ती थांबली. "लहानपणी मला त्यांचा फार राग यायचा."

"नाव?"

"सुकार्मा."

"आडनाव?"

"नाही. एवढंच."

"हयात?"

"हयात."

बाईंनी छापलेली ओळ खोडली, वर नाव लिहिलं आणि शेजारी सही करायला पान तिच्याकडे फिरवलं. नेंदेनने या वेळी ओळ न् ओळ वाचली.

"पुरावा लागेल," बाई म्हणाल्या. "लग्न पाहिलेल्या माणसांची प्रतिज्ञापत्रं. आज निर्णय देता येणार नाही. पत्र येईल."

"कधी?" सिद्धेशने विचारलं.

"ते सांगता येत नाही."

पार्किंग लॉटमध्ये गाडी तापून निघाली होती. त्याने एसी लावला, पण गिअर टाकला नाही.

"सॉरी. मी तुला विचारायला हवं होतं."

"हो," ती म्हणाली.

मग तिने वडिलांना फोन लावला. सिद्धेशला त्या भाषेतला 'बापा' एवढा एकच शब्द कळत होता. ती बराच वेळ सांगत होती. नंतर पलीकडून म्हाताऱ्या आवाजात एक प्रश्न आला, आणि नेंदेनने फोन छातीशी धरला.

"काय म्हणतायत?" सिद्धेशने धास्तावून विचारलं.

"विचारतायत, पेनाने लिहिलं की पेन्सिलने."