आतलं चाक

मास्तरांनी ट्रकच्या पहिल्या टायरवर लोखंडी दांडा हाणला, क्षणभर थांबले आणि म्हणाले, "ठणठणीत." मग दुसरा. तोही ठणठणीत.

मागोमाग छोट्या चालला होता. छोट्याला पंचेचाळिसावं लागलं होतं, घरात मुलीच्या लग्नाचं बघत होते, पण यार्डात त्याची 'छोट्या'तून सुटका नव्हती. मास्तरांनीच त्याला गाडी शिकवली होती आणि पुढची अठरा वर्षं दोघांनी मिळून ही एकच गाडी चालवली होती. एक चालवायचा, दुसरा मागच्या बाकड्यावर झोपायचा. मास्तर स्टिअरिंगवर असले की छोट्याला मेल्यासारखी झोप लागे.

अकरा गाड्या ओळीनं उभ्या होत्या आणि भाडं एकीलाही नव्हतं. मालकांनी धंदा गुंडाळायला काढला होता. जुन्या माणसांसमोर त्यांना ओशाळं वाटलं असावं, म्हणून जाता जाता एवढं केलं: जी जोडी जी गाडी चालवते तिनं ती हप्त्यांवर घ्यावी आणि स्वतः चालवावी. सह्या मात्र दोघांच्याही हव्यात, आणि आज दुपारी एकच्या आत. नाहीतर भंगारवाला येणारच होता.

"मोठे लोक सोडून देतात ती बारकी भाडी आपण उचलायची," मास्तर सांगत होते. "कुणी साहेब नाही. वय विचारायला कुणी नाही, डॉक्टरकडे तपासायला पाठवायला कुणी नाही. काय?"

"हो ना," छोट्या म्हणाला.

"तुझ्या वहिनीनं सीटची कव्हरंसुद्धा शिवली. निळी. म्हटलं, अगं, आधी सही तर होऊ दे."

छोट्याचं लक्ष मास्तरांच्या डाव्या हाताकडे गेलं. दांडा मारताना ते तळहात टायरवर टेकवून ठेवत होते. पूर्वी ते टायरला बोटही लावत नसत. चहा पिता पिता शेजारच्या गाडीची ठोकाठोक ऐकून सांगत, तिसऱ्यात हवा कमी आहे रे.

ते मागच्या चाकांशी आले. मागची चाकं जोडीनं असतात. आतल्याची हवा गेली तरी बाहेरचं सगळा भार घेऊन उभं राहतं, त्यामुळे ते डोळ्याला दिसत नाही, कानालाच कळतं. मास्तरांनी दांडा आत घालून हाणला. आवाज भद्द आला. पण त्यांचा तळहात बाहेरच्या, भरलेल्या टायरवर होता.

"ठणठणीत," मास्तर म्हणाले आणि पुढे गेले.

"मास्तर," छोट्या त्यांच्या पाठीमागून म्हणाला, "आतल्यात हवा नाही." मास्तर वळले नाहीत. त्यानं तेच जरा मोठ्यानं म्हटलं. तरी नाहीत.

गेल्या खेपेला मागून एक बस कितीतरी वेळ हॉर्न देत होती. छोट्या बाकड्यावर जागा झाला होता, "साइड द्या की!" असं ओरडलाही होता, आणि मास्तर मजेत शीळ घालत होते. म्हातारा मुद्दाम बसवाल्याची जिरवतोय असं वाटून तो हसला होता आणि पुन्हा गाढ झोपला होता. त्या झोपेची त्याला आत्ता, भर उन्हात, भीती वाटली. आपणच चालवायचं आणि मास्तरांना नुसतं शेजारी बसवायचं, असंही त्यानं मनात करून पाहिलं. ते बसले नसते. आणि तसं बसा म्हणायची त्याची छाती नव्हती.

तो वळसा घालून त्यांच्या समोर गेला. "मास्तर, माझं नाही जमायचं. मी सही करत नाही."

"का रे?"

"बायको नको म्हणतेय. हप्त्यांना घाबरते."

"तुझी बायको काल दिवसभर आमच्याकडे होती," मास्तर म्हणाले. "उरलेल्या कापडाचे पडदे शिवत होती. तुझ्या बाकड्याला. झोपताना तुझ्या डोळ्यांवर ऊन येतं म्हणून."

छोट्यानं मान खाली घातली. अठरा वर्षांत तो मास्तरांशी पहिल्यांदा खोटं बोलला होता आणि तेही त्याला धड जमलं नव्हतं.

मास्तरांनी हातातल्या दांड्याकडे पाहिलं. मग आपल्या तळहाताकडे.

"कोणतं?" त्यांनी विचारलं.

छोट्या अजून खालीच बघत होता.

"अरे, कोणतं सुटलं माझ्याकडून?"

"मागचं डावं," छोट्या त्यांच्याकडे बघत म्हणाला. "आतलं."

मास्तर परत गेले. दोन चाकांच्या फटीत त्यांनी हात घातला आणि दांडा हाणला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. "नाही कळत," ते स्वतःशीच म्हणाले, पण ते इतक्या मोठ्यानं की ऑफिसच्या दारातल्या कारकुनानं मान वर केली.

"सह्या करताय ना?" कारकुनानं तिथूनच हाक मारली. छोट्यानं हातानंच नाही म्हटलं. मास्तर हवेची नळी ओढत आणत होते.

"आता हवा कशाला?" छोट्या त्यांच्यापुढे उकिडवा बसून म्हणाला. "भंगारात जाणार ती."

"जाईल तिथं जाईल. माझ्यासमोर लंगडत नाही जायची." त्यांनी नळी लावली आणि दांडा छोट्याच्या हातात दिला. "तू ठोक. भरली की सांग."

छोट्या ठोकत राहिला. भद्द, भद्द, मग जरा बरा, मग खणखणीत आवाज आला. सांगायला त्यानं मान वर केली. मास्तर नळी धरून, त्याच्या ओठांकडे बघत थांबले होते.